‘उंबऱ्यातच कळतं’वाल्यांना प्रशिक्षण कशाला?

सांजवात
शेजारच्या धाग्यावर गणपांनी लिहिलंय: ‘जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या लोकांना जोखीम मूल्यांकनाचं, म्हणजे मुलाला घरात किती धोका आहे ते जोखण्याचं, प्रशिक्षण म्हणजे चहा-समोशाचा खर्च. अनुभवी माणसाला उंबऱ्यातच कळतं.’ दोन ओळींत उत्तर देणार होते, मावेना.

अडचणीतल्या मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीवर मी एक मुदत काढली आहे. समोर येणारे गृहचौकशी अहवाल बहुतेक दोनच साच्यांतले. ‘घर पत्र्याचे, वडील व्यसनी, आई मजुरीस जाते, सबब बालक संस्थेत ठेवावे.’ नाहीतर ‘घर पक्के, वडील नोकरीत, समाजात प्रतिष्ठा, सबब ताबा पालकांना द्यावा.’ दुसऱ्या साच्यातली एक मुलगी महिन्याभरात पुन्हा आमच्यासमोर उभी राहिली. घरात काकाही राहतो, हे अहवालात नव्हतंच. कुणी विचारलंच नव्हतं. उंबऱ्यात कळते ती ऐपत.

आरोपी त्याच घरातला असेल तर पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) २०२० च्या नियमांनुसार समितीला तीन दिवसांत ठरवायचं असतं, मूल घरी ठेवायचं की बाहेर काढायचं. पालकांना सांभाळणं जमेल का, मुलाचं वय, अपंगत्व, घरात आधी मारहाण झाली आहे का, हे सगळं बघायला नियमच सांगतो. आज रात्री मूल इथे झोपू शकतं का, हा एक प्रश्न. येत्या सहा महिन्यांत काय होईल, हा दुसरा. पत्र्याच्या घरात पहिल्याचं उत्तर बरेचदा ‘हो’ असतं आणि दुसऱ्यासाठी सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० रुपये मिळवून द्यायचे असतात. त्याऐवजी आपण मूलच उचलतो.

गणपा
ताई, परिविक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालोय, मला गृहचौकशी शिकवू नका. आम्हाला शिकवायला आलेल्या मॅडमनी पारधी पाल फक्त पडद्यावर पाहिलेलं. ‘मुलाची झोपण्याची जागा सुरक्षित आहे का? हो/नाही.’ पालात काय लिहू? बापाची चाहूल लागली की पोरगं कसं ताठ होतं, ते बघावं लागतं. त्याला रकाना नसतो.

थेम्सकाठी
गणपाकाका, नेमकं ते ताठ होणं बघूनच इथे घात झाला. व्हिक्टोरिया क्लिंबिए, वय ८, लंडनच्या हॅरिंगेमध्ये आत्याआजीकडे राहायची. आत्याआजीसमोर पोरगी ताठ उभी राहते, हे समाजसेविकेनं पाहिलं होतं. निष्कर्ष काय काढला? त्यांच्या समाजात मोठ्यांना असाच मान देतात. फेब्रुवारी २००० मध्ये मुलगी गेली, अंगावर १२८ जखमा. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालात तिला वाचवता आलं असतं अशा १२ संधी मोजल्या आहेत. दिसलेल्याचा अर्थ लावायला कुणाशी तरी वाद घालावा लागतो, आणि तिथे वरिष्ठांची देखरेखच नीट नव्हती.

गणपा
लंडनचं लंडनला ठेवा. तुमच्याकडे दारात गाडी असते.

कंत्राटी_माणूस
गाडीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी कक्षात क्षेत्रीय काम करतो. करार दरवर्षी, मानधन कधी येईल ते सांगता येत नाही, दुचाकी स्वतःची. कायदा म्हणतो सामाजिक तपासणी, म्हणजे हीच गृहचौकशी, १५ दिवसांत. आमच्या तालुक्याच्या टोकाला जायला अर्धा दिवस जातो, पेट्रोलचं बिल ‘तरतूद उपलब्ध नाही’ शेऱ्यासह परत येतं. मग पोलीस पाटलाला फोन करून अहवाल लिहिला जातो. सगळे लिहितात. पाटील कुणाचा भाऊबंद निघतो ते ताईंना माहीत असेलच.

वाटसरू_वकील
फोनवरून गृहचौकशी? हे जाहीर लिहिताय? त्यावर मुलाचा ताबा ठरतो, राव!

कंत्राटी_माणूस
हो, जाहीर. तुम्ही या एकदा, पेट्रोल तुमचं. २०२३ मध्ये मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन संस्थांकडून सरकारकडे आली, आणीबाणीच्या ११२ ला जोडली, तेव्हा वाटलं आता माणसं वाढतील. आमच्याकडे फोन तेवढे वाढले.

वाटसरू_वकील
माणसं कमी म्हणून खोटं लिहायचं का? उलटतपासणीत या लोकांची अर्ध्या मिनिटात वाट लागते. मुलाशी एकट्याने बोललात का? नाही. घरात कोण कोण राहतं? आठवत नाही. आणि समितीतल्यांनाही हेच प्रशिक्षण द्या. तिथे राजकीय सोयीने आलेले लोक मुलीला विचारतात, ‘एवढ्या उशिरा बाहेर कशाला गेलीस?’

सांजवात
सगळे सोयीने आलेले नसतात. पण तो प्रश्न मी कानांनी ऐकलाय, त्यामुळे गप्प बसते.

कंत्राटी, तुमचं दुखणं खरं आहे. पण पेट्रोल मिळालं म्हणून काका सापडत नाही. घरात कोण झोपतं हे विचारायचं डोक्यात असावं लागतं.

कंत्राटी_माणूस
आणि डोक्यात असून पेट्रोल नसेल तर? ताई, तुम्ही खुर्चीतून अहवाल वाचलेत, मी भर पावसात नदीच्या अलीकडे थांबलोय.

गणपा
याला म्हणतात अनुभव. 😀

बरं, काकाचा मुद्दा घ्या. बालसंगोपनाचाही. आमच्या वेळी संस्थेत टाकणं सोपं पडायचं, टाकली. तो हो/नाहीचा तक्ता मात्र मानणार नाही. नव्या पोराला महिनाभर जुन्या माणसामागे घरोघर हिंडवा, मग काय ते कागद भरा.

थेम्सकाठी
आणि जुना माणूस चुकीचंच शिकवत असेल तर?

गणपा
तर लंडनहून मॅडम मागवू.

वाटसरू_वकील
काका, दोघांनी वेगवेगळा तक्ता भरायचा आणि मग भांडायचं. चालेल?

गणपा
भांडायला चालेल.

कंत्राटी_माणूस
ठरलं असेल तर एक सांगा. प्रशिक्षण सोमवारपासून, हजेरी सक्तीची. सोमवारीच समितीची बैठक, दोन मुलं हजर करायची आहेत. माझ्या जागी दुसरं कुणी नाही. कुठे जाऊ?