घरात वेगळी खोली नाही, म्हणून मुलीने परदेशी जायचं नाही?

परळची आई:
लेक नववीत आहे, सहावीपासून जर्मन शिकतेय. तिच्या शाळेची जर्मनीतल्या एका शाळेशी अदलाबदल ठरली आहे. दिवाळीनंतर तिकडची मुलं येऊन दहा दिवस आपल्या मुलांच्या घरी राहणार, मे महिन्यात आपली मुलं त्यांच्याकडे. मेमध्ये आपल्याला सुट्टी आणि जर्मनीत शाळा चालू, त्यामुळे अभ्यासही बुडत नाही. तिकिटाचे पैसे दोन वर्षं भिशीतून बाजूला काढलेत. अडलंय ते फॉर्मवरच्या एका ओळीपाशी: 'पाहुण्या विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र खोली आहे का?' आमचं वन रूम किचन, सासूबाई धरून माणसं चार. लेकीने मला न विचारताच तिथे पेन्सिलने 'नाही' लिहिलं आणि फॉर्म भूगोलाच्या पुस्तकात ठेवून दिला. दप्तर आवरताना तो माझ्या हाती लागला. तेव्हापासून जेवण जात नाही. मला ही अट चुकीची वाटते. मुंबईत किती घरांत पोरांना स्वतःची खोली असते? आणि ज्यांच्याकडे आहे तेवढीच मुलं गेली, तर ती तिकडे कुठली मुंबई सांगणार?

ठाण्याच्या बाई:
तुमचं दुखणं कळतं, तरी अट मला योग्य वाटते. शिक्षिका म्हणून अशा दोन गटांबरोबर मी होते. एका वर्षी आलेली मुलगी रोज अर्धा तास आधी शाळेत यायची आणि शाळेच्या बाथरूममध्ये कपडे बदलायची. घरी आडोसा नव्हता. तिने एकदाही तक्रार केली नाही, आम्हालाच उशिरा कळलं. यजमान आईने जीव ओतला होता, रोज काही ना काही गोडधोड, पण त्या पोरीला हवा होता कडी लागणारा एक दरवाजा. परक्याचं पंधरा वर्षांचं लेकरू आपल्या भरवशावर येतं, तेव्हा त्याची गैरसोय आपल्या हौसेपुढे लहान समजू नये.

गिरगावकर:
बाई, दरवाजा हवा हे मान्य. त्यासाठी अख्खी खोली कशाला? जे-१ व्हिसावर शाळकरी मुलं अमेरिकेत वर्षभर एखाद्या कुटुंबात राहतात. त्यासाठीच्या सरकारी नियमातही स्वतंत्र खोलीची सक्ती नाही. मुलीला एका मुलीबरोबर, मुलाला एका मुलाबरोबर खोली वाटून घेता येते. मी चाळीत वाढलो. आमच्याकडे गावाहून आलेला पाहुणा कधी खोली मोजून आला नाही.

ठाण्याच्या बाई:
गावचा पाहुणा आपला असतो, त्याला सवय असते. आणि तोच नियम पुढे वाचा: पलंग वेगळा हवा, उघडून करायचा किंवा हवा भरायचा चालत नाही. म्हणजे सोफा-कम-बेडवालं घर त्यातही बसत नाही.

डोंबिवली फास्ट:
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. वर्गात पंचेचाळीस मुलं, जाणार सहा-सात. बाकीच्यांनी परत आलेल्यांचे फोटो बघायचे. एवढे पैसे घालण्यापेक्षा मुलीला काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात पुढच्या पातळीपर्यंत शिकवा. भाषा पक्की झाली की शिष्यवृत्तीवर जाता येतं. जर्मन परराष्ट्र खात्याचा २००८ पासून 'पाश' नावाचा उपक्रम आहे. त्यात जोडलेल्या शाळांतल्या मुलांना जर्मनीतल्या युवा शिबिरांसाठी शिष्यवृत्ती मिळते. आपली शाळा त्यात आहे का, ते आधी विचारा.

गिरगावकर:
शिबिरात जगभरची मुलं भेटतात, चांगलंच आहे. पण कुणाच्या स्वयंपाकघरात सकाळी सातला उभं राहून 'ब्रेड कुठे ठेवलाय' विचारणं तिथे होत नाही. भाषा तिथेच सुटते.

कागदपत्रांवाला:
वाद चालू दे, एक कामाचं सांगतो. जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी बारा वर्षांपुढे मोठ्यांएवढीच, ९० युरो. पण शिक्षणासाठी जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना ती माफ आहे. शाळेच्या पत्रात नुसतं 'सहल' लिहिलं असेल तर बदलून 'शैक्षणिक अदलाबदल' लिहून घ्या, कारण ती तशी आहेच. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आई-वडील दोघांचं संमतीपत्र आत्ताच करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सगळे त्यावरच अडकतात.

परळची आई:
सगळ्यांचे आभार. बाई, तुमची ती मुलगी डोक्यातून जात नाही. खोलीची अट मला अजूनही पटत नाही, पण कडी लागणाऱ्या दाराचं पटलं. आमच्याकडे मोरीला पडदा आहे, संडास मजल्यावर सामायिक. लेकीच्या वर्गातली एक मैत्रीण माहीमला राहते, तिच्याकडे दोघींची खोली आहे. तिची आई म्हणते, पाहुणी रात्री आमच्याकडे झोपू दे, शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत तुमच्याकडे. शाळा ऐकेल का?

ठाण्याच्या बाई:
ऐकू शकते. मात्र तिकडच्या पालकांना आधी कळवायला सांगा, आणि रात्री माहीमपर्यंत कोण सोडणार, ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे दोन्ही घरांनी लेखी द्या. फॉर्ममध्ये 'नाही' ठेवू नका. वेगळा कागद जोडा.