होत नसेल तर तसं लिहून द्या

प्रेषक: द्राक्षबाग, क्लेटन
विषय: बाबांचं मेल खातं आणि गावची वारस नोंद

नमस्कार मेलबर्नकर मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या धाग्यात हे घुसडत नाही, वेगळा विषय उघडते.

बाबा पावसाळ्यात गेले, बऱ्याच जणांना माहीत आहे. आमची बाग सांगली जिल्ह्यात. बाबांना कॉम्प्युटरची भारी हौस. शीतगृहातल्या बेदाण्याच्या पावत्या, पीक विम्याचे कागद, आजोबांच्या खरेदीखताचं स्कॅन, सगळं त्यांनी स्वतःच्या मेलमध्ये साठवलं. खात्याचा ओटीपी त्यांच्या नंबरवर जातो आणि रिचार्ज संपल्यामुळे तो नंबर बंद पडलाय. कंपनीला लिहिलं की उत्तर येतं, हे खातं तुमचं असल्याची खात्री पटली नाही. माझं नाहीच ना ते! वडिलांचं आहे, ते वारले, हेच तर लिहिलंय. मृत्यूचा दाखला जोडला तरी अक्षर न अक्षर तेच उत्तर, आणि खाली विचारतात, आमची सेवा कशी वाटली, तारे द्या.

दुसरीकडे गावात वारस नोंद होऊनही गेली. सातबाऱ्यावर आई आणि भाऊ. माझं नाव नाही. तलाठी फोनवर फार गोड बोलतात. "ताई, तुम्ही या की गावाकडं, बघू की." या 'बघू की'साठी विमानाचं तिकीट काढायचं का?

कुणी यातून गेलंय का? की सोडून देऊ?

---

प्रेषक: कऱ्हाडकर, पॉइंट कुक

ताई, सोडून द्या. कंपनीत माणूस उरलेला नाही आणि कचेरीत माणूस आहे पण तो जागेवर नाही. ओळख काढा, नाहीतर गप्प बसा. मी आमच्या प्लॉटच्या मोजणीपायी रक्तदाब वाढवून घेतला, तेवढाच काय तो सातबाऱ्यावर चढला.

---

प्रेषक: विश्रामबागवाले काका, सांगली

कऱ्हाडकर, तुम्ही गप्प बसा. पोरीला वाट दाखवायची सोडून तिकटी अडवून काय बसलाय?

मी निवृत्तीनंतर सांगलीला परत आलो तरी लिस्टवरून नाव काढलेलं नाही, कारण सकाळच्या चहाबरोबर तुमची भांडणं वाचायला बरी वाटतात. बाकी वेळ कचेऱ्यांत जातो. स्वतःचं काम संपलं की शेजाऱ्याचं घेऊन जातो, त्याशिवाय जेवण पचत नाही.

तुझ्या दोन्ही भानगडींना एकच औषध आहे. 'बघू की'वर अपील करता येत नाही. यंत्राच्या छापील उत्तरावर करता येत नाही. अपील होतं ते सहीनिशी दिलेल्या निर्णयावर. म्हणून मी हल्ली कुठंही गेलो तरी 'काम करा' असं म्हणतच नाही. होत नसेल तर तसं कारणासकट लिहून द्या, एवढंच म्हणतो. पुष्कळदा तिथंच काम होतं, कारण नकाराखाली सही करायला कुणाचाच हात धजत नाही. आणि नकार खरंच मिळाला, तर वरच्या दारात जायचा पास हातात आला.

आता कंपनी. तिचं नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस, सगळ्यांची तऱ्हा तीच. तू बहुतेक 'खातं परत मिळवा'वाला अर्ज भरतेस. तो जिवंत, पासवर्ड विसरलेल्या माणसासाठी असतो, म्हणून यंत्र तुलाच खातेदार समजून तपासतं. मृत व्यक्तीच्या खात्याचा अर्ज वेगळा असतो. गूगलकडे तो आहे. अ‍ॅपलने डिसेंबर 2021 पासून वारसदार आधीच नेमून ठेवायची सोयही दिली आहे. पासवर्ड कुणीच देणार नाही, पण खात्यातला मजकूर द्यायचा का यावर विचार होऊ शकतो. यात वेळ दवडू नकोस. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायचं धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून लागू केलंय.

तिथंही भिंतच लागली तर कायदा आपल्या बाजूला आहे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर जाहीर करावाच लागतो. शोधायला लागतो, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, पण असतो. तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 7 दिवसांत, असा नियम आहे (2026 च्या सुरुवातीपर्यंत 15 दिवस होते). निकाल पटला नाही तर 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये अशा तीन समित्या नेमल्या. सगळं ऑनलाइन, दिल्लीला खेटे नाहीत. समितीचा आदेश कंपनीला पाळावा लागतो. तक्रार आईच्या नावाने सांगलीतूनच कर. पत्रात रडगाणं नको: खातं कुणाचं, ते कधी वारले, आपण कोण, काय हवंय. आणि शेवटी, देता येत नसेल तर कोणत्या नियमाखाली, ते कळवावे.

एक इशारा. मृताच्या खासगीपणाचं कारण देऊन ते नाही म्हणू शकतात. मला विचारशील तर ते अगदीच चूक नाही. माझ्या माघारी माझे मेल कुणी चाळावेत असं मलाही वाटत नाही. म्हणून अख्खं खातं मागू नकोस. पावत्या, विमा, खरेदीखत, एवढंच माग. खरेदीखताची नक्कल तर दुय्यम निबंधकाकडेही मिळेल.

बाबांचं सिम आधी बघ. 90 दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला जातो. मग बाबांचे ओटीपी परक्या माणसाच्या खिशात वाजायला लागतात. अजून हातचा गेला नसेल तर आईने दाखला घेऊन दुकानात जावं आणि नंबर स्वतःच्या नावावर करून घ्यावा.

आता सातबारा. पहिली गोष्ट, घाबरू नकोस. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला असं होत नाही. ती महसुलाची नोंद आहे, मालकी तिच्यामुळे जन्मत नाही आणि मरतही नाही. तू ऑस्ट्रेलियाची नागरिक झाली असलीस तरी वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, फक्त नवी विकत घेता येत नाही. पण नोंद तशीच राहिली तर उद्या व्यवहार होतील आणि मग तू दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवशील.

तलाठी फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, लिहितो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तुझी नोंद प्रमाणित झालीय, म्हणजे तलाठ्याच्या हातात आता काही नाही, तो गोड बोलतो ते त्यामुळेच. आता प्रांताधिकाऱ्यांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 247 खाली अपील. मुदत 60 दिवस. उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडायचा, परदेशात होते आणि नोटीस मिळाली नाही हे कारण चांगलं आहे. कुणी सांगेल, कलम 155 खाली दुरुस्ती करून देतो. ते लेखनातल्या चुकांसाठी आहे. अख्खी मुलगी गाळणं ही लेखनातली चूक नव्हे.

आधी फेरफाराची आणि त्याच्या मागच्या कागदांची नक्कल मागव. वर्दी, म्हणजे वारस नोंदीची खबर, कुणी दिली, प्रतिज्ञापत्रात कोणती नावं होती, नोटीस कुणाला बजावली, सगळं त्यात दिसेल. नक्कल देत नसतील तर माहिती अधिकार. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर, आणि उत्तर आलंच नाही तर कायदा तो नकारच धरतो, म्हणजे पुन्हा अपिलाला मोकळी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, हे तुझ्या मेलची लांबी बघून मुद्दाम सांगतोय. हा अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. तू पासपोर्ट बदलला असशील तर अर्ज आईच्या सहीने.

मुखत्यारपत्र कर, पण कुलमुखत्यारपत्र नको, या एका कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र. तिकडे नोटरी आणि अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा, हे लोक हटकून विसरतात.

आणि प्रत्येक कागदाची पोच. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट, जुनी रजिस्टर सेवा 2025 मध्ये त्यातच विलीन झाली. टपाल खात्याचा शिक्का कुणाला नाकारता येत नाही.

---

प्रेषक: सातारकर, ग्लेन वेव्हर्ली

काकांनी सगळं सांगितलं, फक्त मुद्द्याचं सोडून.

नाव 'राहिलं' कसं गं? आमच्या सातारा जिल्ह्यात बहिणींचीच नावं राहतात, भावाचं राहिलेलं मी अजून ऐकलेलं नाही. लोक सांगतात की मुलींना हक्क 2005 ला मिळाला. तो वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मसिद्ध हक्क, आणि महाराष्ट्राने तसा कायदा 1994 मध्येच केला होता. पण वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, हे 1956 पासून आहे. आमच्या आजीच्या काळापासून. तेव्हा तलाठ्याला काय लिहायचं ते लिहिशीलच, पण फोन आधी भावाला कर.

आणि राखीपौर्णिमेला कुणी साडीबरोबर हक्कसोड पत्र पुढे केलं तर साडी ठेवून घे.

---

प्रेषक: द्राक्षबाग, क्लेटन

मंडळी, थोडी बातमी.

सिम वाचलं, आईच्या नावावर झालं. ओटीपी आता येतो, पण पासवर्ड कुणालाच माहीत नाही, म्हणून नुसतं तेवढ्याने खातं उघडलं नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर आलं. नकार आहे, पण माणसाने लिहिलेला! आईचं नाव बरोबर, बाबांच्या निधनाची तारीख बरोबर, नाही म्हणायचं कारण दिलेलं. आईने तो छापून कपाटावर चिकटवलाय. अपील टाकलंय, फक्त कागदांपुरतं.

फेरफाराची नक्कलही आली. वर्दी भावाने दिली होती. प्रतिज्ञापत्रात वारस दोनच. नोटीस माझ्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता, मी त्या कागदावर जन्मलेच नाही. फोन केला. तो म्हणाला, तू कुठं परत येणार आहेस, उगाच तुला सह्यांचा त्रास नको म्हणून. मला वाटतं त्याला ते खरंच वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. आई मधे पडली नाही. मुखत्यारपत्र मात्र तिने स्वतःच्या नावाने करून मागितलं.

अपिलाचा मसुदा काकांनी पाहिला, तीन पानांचं एक केलं. मुखत्यारपत्र अपोस्टिल होऊन आलंय. कुरिअरवर विश्वास नाही. दिवाळीला सांगलीकडे कुणी जातंय का?

---

प्रेषक: कऱ्हाडकर, पॉइंट कुक

मी जातोय. पुण्याहून खाली उतरताना कऱ्हाड आधी लागतं, पण सांगलीपर्यंत येईन, काकांना तिकटीवरच भेटतो. पाकीट रविवारी मराठी शाळेत आणून द्या. आणि काका, मोजणीच्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, आवक क्रमांकासकट. तीही घेऊन येऊ का?