मदत हवी आहे: डिझाइन थिंकिंग आणि अ‍ॅजाईल एकाच टीममध्ये कसे बसवावे?

दिशाशोधक:
नमस्कार. आम्ही अ‍ॅजाईल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवत आणि बदलत काम करतो. आमच्या टीमचे दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरलेले टप्पे) सुरळीत चालले होते. गेल्या तिमाहीत व्यवस्थापनाने डिझाइन थिंकिंगचा (आधी वापरकर्त्याची गरज समजून घेऊन, नमुने तपासून मग बनवण्याच्या पद्धतीचा) आग्रह धरला आणि तेव्हापासून दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत आहेत. वापरकर्त्यांशी बोलून आणि प्रोटोटाइप (कच्चा नमुना) तपासून झाल्याशिवाय स्टोरी (वापरकर्त्याच्या बाजूने लिहिलेले एक काम) पक्की समजू नये, असे डिझायनरचे म्हणणे आहे. तर प्लॅनिंगच्या (स्प्रिंटचे काम ठरवण्याच्या) दिवशी स्टोरी तयार नसेल तर आम्ही हातात काय घ्यायचे, असे डेव्हलपर विचारतात. त्यांना रिकामे बसता येत नाही, म्हणून जेवढे समजले तेवढ्यावर ते काम सुरू करतात आणि नंतरच्या तपासणीत वेगळेच निघाले की ते काढून टाकावे लागते. मागच्या स्प्रिंटमध्ये नोंदीची अख्खी स्क्रीन अशीच वाया गेली. पुढचे प्लॅनिंग सोमवारी आहे. आधी डिझाइन थिंकिंगचा टप्पा पूर्ण करून मग स्प्रिंट सुरू करावेत, की प्रत्येक स्प्रिंटमध्ये त्याच्या पाचही पायऱ्या (वापरकर्त्याला समजून घेणे, प्रश्न ठरवणे, कल्पना सुचवणे, प्रोटोटाइप, चाचणी) बसवाव्यात? दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत हे सगळीकडे वाचले आहे. कॅलेंडरवर नेमके काय ठेवायचे ते कृपया सांगावे.

खडूफळा:
प्रश्न महत्त्वाचा आहे, पण माहिती अपुरी आहे. टीम किती जणांची आहे? डिझायनर पूर्णवेळ तुमच्याच टीममध्ये आहे का? उत्पादन तुमचे स्वतःचे आहे की ग्राहकासाठी करारावर बनवत आहात? मुख्य म्हणजे, वापरकर्ता कोण आहे आणि त्याला शेवटचे कोण भेटले?

जुनाजाणता:
माझ्या मते येथे दुसऱ्या पद्धतीची गरजच नाही. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे 17 जणांनी अ‍ॅजाईलचा जाहीरनामा लिहिला, त्यात ग्राहकाशी सहकार्य आणि बदलाला प्रतिसाद या दोन्ही गोष्टी आधीच आहेत. चालते सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप, असे त्याच्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. प्रॉडक्ट ओनरने (काय आधी बनवायचे ते ठरवणाऱ्याने) बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी) नीट राखला तर स्टोरी अर्धवट राहणार नाही. स्क्रीन बदलावी लागली यात वाया गेले असे काही नाही, कारण बनवून दाखवल्यावरच माणसाला आपल्याला काय हवे ते कळते.

रेषाआकृती:
@जुनाजाणता, आदरपूर्वक असहमत आहे. सहकार्य ज्या ग्राहकाशी होते तो बहुधा पैसे देणारा असतो. स्क्रीनसमोर रोज बसणारा माणूस वेगळा असतो आणि त्याचे म्हणणे बॅकलॉगमध्ये आपोआप येत नाही. कागदावरच्या रेखाटनातून एका दुपारी जे कळते, ते कळण्यासाठी स्प्रिंटभराचे कोड लिहिणे हा महाग मार्ग आहे.

धागाकर्त्यांसाठी माझा अनुभवाचा उपाय सरकत्या चक्रांचा आहे. देझिरे साय यांनी 2007 मध्ये ऑटोडेस्कमधील कामावरून याची मांडणी केली होती. डेव्हलपर चालू चक्राचे काम करत असताना डिझायनर पुढच्या चक्राचे डिझाइन करते, त्याच्याही पुढच्या चक्रासाठी वापरकर्त्यांकडून माहिती गोळा करते आणि मागच्या चक्रात बनलेले तपासते. त्यामुळे प्लॅनिंगच्या दिवशी तपासलेली स्टोरी हातात असते.

मनमोकळा:
एवढे लांबवण्याची गरज नाही. जेक नॅप यांनी 2010 मध्ये गूगलमध्ये सुरू केलेला डिझाइन स्प्रिंट करा. सोमवारी प्रश्नाचा नकाशा, मंगळवारी रेखाटने, बुधवारी निर्णय, गुरुवारी प्रोटोटाइप आणि शुक्रवारी पाच वापरकर्त्यांसमोर चाचणी. आम्ही केला आणि आठवड्यात सगळे स्पष्ट झाले. सोमवारचे प्लॅनिंग रद्द करून हाच घ्या.

दिशाशोधक:
सर्वांचे आभार. टीममध्ये सात डेव्हलपर, एक प्रॉडक्ट ओनर आणि एक डिझायनर आहे. ती आणखी दोन टीमचेही काम पाहते. आम्ही पुण्यात आहोत. उत्पादन गावातील दूध संकलन केंद्रासाठीचे अ‍ॅप आहे. संस्थेचा सचिव त्यात प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचे वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) नोंदवतो, त्यावरून दर लागतो आणि दहा दिवसांचे बिल निघते. केंद्रावर डिझायनर जाऊन आली आहे, डेव्हलपर गेलेले नाहीत. रांग लागलेली असताना सचिव एका हाताने नोंद करतो आणि आमच्या स्क्रीनवर प्रत्येक नोंदीला तीन वेळा पुष्टी द्यावी लागत होती, हे तिला तेथे दिसले. म्हणून ती स्क्रीन काढावी लागली.

माझा मूळ प्रश्न मात्र वेळापत्रकाचा आहे.

सह्याद्रीकर:
मी आमच्या गावच्या संस्थेत काही वर्षे हिशोब पाहिला आहे. @मनमोकळा, सचिवाला शुक्रवारी तुमच्या कार्यालयात बोलावून काहीही कळणार नाही. संकलन सकाळ-संध्याकाळ दोन वेळा असते आणि खरे काम त्या वेळेतच दिसते. शिवाय वापरकर्ता एकटा सचिव नाही. पावती हातात घेणारा उत्पादक हा दुसरा वापरकर्ता आहे. फॅट कमी का लागली हा त्याचा रोजचा प्रश्न असतो. पाच सचिवांना विचारून उत्पादकाचे उत्तर मिळणार नाही.

दरपत्रक बसवताना गायीच्या दुधासाठी 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे मूळ प्रमाण धरतात, म्हशीच्या दुधाचे पत्रक वेगळे असते आणि त्याखालची दरकपात प्रत्येक दूध संघाची निराळी असते. हा तक्ता कोडमध्ये पक्का करू नका, सचिवाला बदलता आला पाहिजे.

उमेदवार:
डिझाइन थिंकिंग आणि स्क्रम (स्प्रिंटमध्ये काम करण्याची अ‍ॅजाईल चौकट) या दोन्हींची प्रमाणपत्रे मिळतात. नोकरीसाठी आधी स्क्रमचे घ्यावे, मुलाखतीत त्याची विचारणा जास्त होते.

खडूफळा:
@उमेदवार, त्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

@दिशाशोधक, आता चित्र स्पष्ट झाले. तुम्ही दिलेले दोन्ही पर्याय मला योग्य वाटत नाहीत. टप्पा आधी संपवायचा म्हटले तर तो संपत नाही आणि डेव्हलपर थांबून राहतात. पाचही पायऱ्या प्रत्येक स्प्रिंटमध्ये बसवायच्या म्हटल्या तर भेटी उरकल्या जातात. रेषाआकृती यांची सरकती चक्रे पूर्णवेळ डिझायनर असेल तर चालतात. तीन टीममध्ये वाटली गेलेली व्यक्ती दोन चक्रे पुढे राहू शकणार नाही. शिवाय त्या मांडणीत शोधणारे वेगळे आणि बांधणारे वेगळे राहिले, तर शिकलेले सगळे कागदावरून पोचवावे लागते आणि तेथेच निम्मे सांडते.

त्याऐवजी सोमवारी बॅकलॉग अनिश्चिततेनुसार वेगळा करा. बिलाची छपाई, दरपत्रक भरणे, इंटरनेट नसताना नोंद साठवून नंतर पाठवणे, यांत काय हवे ते बरेचसे ठाऊक आहे. अवघड आहे ते तांत्रिक. अशी कामे थेट स्प्रिंटमध्ये घ्या, म्हणजे डेव्हलपरना अंदाजावर स्क्रीन बांधावी लागणार नाही. रांगेतली नोंद, पावती आणि चुकीची दुरुस्ती यांत माणूस कसा वागेल हे ठाऊक नाही. ती कामे आधी तपासणीच्या फलकावर जातील. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा आणि कोणते उत्तर आले तर ते बांधायचे नाही, हेही आधीच लिहून ठेवा. तपासणीच्या कामाला स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा) देऊ नका, फक्त वेळेची मर्यादा द्या. बॅकलॉग मात्र एकच ठेवा आणि स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये (स्प्रिंटच्या शेवटच्या आढाव्यात) जे बनले त्याच्यासोबत जे कळले तेही दाखवा.

आणि प्रत्येक भेटीला डिझायनरसोबत एक डेव्हलपर गेलाच पाहिजे. या एका गोष्टीवर मी तडजोड करणार नाही.

जुनाजाणता:
सात डेव्हलपरमधून प्रत्येक स्प्रिंटला एकाचा दिवस गेला तर व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणाऱ्या कामाचा आकडा) घटेल. त्याचे उत्तर ग्राहकाला कोण देणार?

रेषाआकृती:
काढून टाकलेली स्क्रीनही त्याच व्हेलॉसिटीत धरली गेली होती. आकडा भरलेला दिसला, पण सचिवाच्या हाती काहीच पडले नाही. @खडूफळा, वाटून घेतलेल्या डिझायनरबद्दलचा मुद्दा मान्य आहे. तरीही तिचा निम्मा वेळ या टीमसाठी राखून घ्यावा. डेव्हलपर भेटीला जाईल, पण प्रश्न सुचवून न टाकता कसे विचारावे हे शिकवायला कोणीतरी हवे.

जुनाजाणता:
तेवढे मान्य करतो. मात्र तपासणीला वेळेची मर्यादा नसेल तर दोन महिने फक्त मुलाखतीच चालतात, हे मी पाहिले आहे. मर्यादा संपली की हाती असलेल्या माहितीवर निर्णय झालाच पाहिजे.

दिशाशोधक:
अनिश्चिततेनुसार वाटणी करणे हे मला प्रत्यक्षात उतरवता येईल. एक अडचण मात्र राहते. करारात वैशिष्ट्यांची यादी आणि तारखा ठरलेल्या आहेत. तपासणीत एखादे वैशिष्ट्य नको असे निघाले तरी यादीप्रमाणे ते द्यावेच लागेल.

खडूफळा:
हे पहिल्याच प्रश्नात विचारले होते, कारण अर्धे उत्तर येथेच आहे. अशा कराराखाली तपासणीचा निष्कर्ष कोणाच्याच उपयोगी पडत नाही आणि डिझायनरचे म्हणणे नेहमी अडथळाच वाटते. एकूण कामाचा आकार आणि तारीख तीच ठेवून, एक वैशिष्ट्य काढून तेवढ्याच आकाराचे दुसरे घालण्याची मुभा ग्राहकाकडून लेखी घ्या. तीन पुष्टींच्या स्क्रीनचे उदाहरण त्यांच्यासमोर ठेवा. त्यांच्याच पैशांचा प्रश्न आहे. ग्राहकाचा एक निर्णय घेऊ शकणारा माणूस पहिल्या भेटीला सोबत आला तर फारच उत्तम.

दिशाशोधक:
ग्राहकाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारले, ते यायला तयार आहेत. सोमवारी वाटणी करतो. रांगेतली नोंद आणि पावती ही दोन कामे पहिल्या तपासणीला घेतो आणि डिझायनरच्या अर्ध्या वेळेबद्दल व्यवस्थापनाशी आजच बोलतो. केंद्रावर कोणत्या दिवशी जावे?

सह्याद्रीकर:
तारीख 1, 11 आणि 21 च्या आसपास जाऊ नका. बिलाचे काम असते, सचिव दोन शब्दही बोलू शकणार नाही. इतर कोणत्याही दिवशी सकाळच्या संकलनाआधी पोचा, रांग संपेपर्यंत फक्त पाहा आणि प्रश्न नंतर विचारा. बिलाचा दिवस पाहण्यासाठी मात्र एक वेगळी फेरी ठेवा, त्या दिवशी उत्पादक पावत्या घेऊन हिशोब जुळवायला येतात आणि दुरुस्तीचे सगळे प्रकार एकाच जागी दिसतात.