'स्टोरीटेलर'ला मराठीत काय म्हणावं? सूचना लिहायची आहे

उंबरठा:
एका शब्दावर अडले आहे. आमचा लार्पचा गट आहे. पात्रं वाटून घ्यायची, वेश करायचा आणि पाच-सहा तास त्या पात्रासारखं वागायचं, भांडायचं, निर्णय घ्यायचे. संहिता नसते, प्रेक्षकही नसतात. आता नवं पर्व सुरू होतंय आणि त्याची गोष्ट सांभाळायला तीन-चार जणांनी आपणहून पुढे यायला हवं आहे. आपसात आम्ही त्यांना स्टोरीटेलर म्हणतो. मी हौसेने मराठीत सूचना लावली : 'कथाकथनासाठी स्वयंसेवक हवेत.'

चौघे आले. त्यातल्या एका गृहस्थांनी एक अख्खी विनोदी कथा पाठ केली होती. आवाजाचे चढउतार, थांबायच्या जागा, सगळं बसवलेलं. एका बाईंनी विचारलं, माइक कुठे आहे आणि मला किती मिनिटं मिळतील? दोघांचंही काही चुकलं नव्हतं, मी लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं. त्यांना समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं. दोघेही पुन्हा आले नाहीत.

तर या माणसाला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी:
कथाकथन हा शब्द तुम्हाला मिळणारच नव्हता, तो मराठीत केव्हाच एका कलाप्रकाराला देऊन झाला आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगाव जाऊन कार्यक्रम केले ते कथाकथनाचे. एकाने उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. तुमच्याकडे ऐकणारं कोणी नाहीच, असं दिसतंय.

सरळ 'सूत्रधार' म्हणा. तयार शब्द आहे, सगळ्यांना कळतो.

अर्धविराम:
सूत्रधार अजिबात नको. वर्तमानपत्र उघडा. 'कटाचा मुख्य सूत्रधार फरार.' 'सूत्रधार हवेत' अशी सूचना लागली तर लोक आधी दचकतील.

शब्दवेडी:
वर्तमानपत्रांनी शब्द नासवला म्हणून आपण तो टाकून द्यायचा का? मग एकेक करत सगळेच टाकावे लागतील. सूत्रधार म्हणजे कठपुतळीच्या दोऱ्या हातात धरणारा. पडद्यामागे राहून सगळ्यांना हलवणारा. याहून चपखल काय असणार?

तळटीप:
ती दोऱ्यांची व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते, पण पक्की धरून चालू नका. पिशेल या जर्मन पंडिताने 1900 साली तो तर्क जोरात मांडला आणि त्यावर तेव्हापासून वाद आहे. 'सूत्र' म्हणजे मोजमापाची दोरीही होते. बांधकामाची आखणी करणारा तोही सूत्रधारच, आणि आपला 'सुतार' याच शब्दातून प्राकृतात झिजत आला आहे. शिवाय संस्कृत नाटकातला सूत्रधार पडद्यामागे नसतो. नांदी झाली की तो समोर येतो, नटीशी नाहीतर साथीदाराशी चार वाक्यं बोलतो, नाटकाची ओळख करून देतो आणि जातो. उंबरठाताईंचा माणूस जातो कुठे? तो शेवटपर्यंत तिथेच असतो ना?

उंबरठा:
शेवटपर्यंत, आणि सगळे गेल्यावरही. (आणि मला ताई म्हणालात ते बरं वाटलं.)

जुना खेळगडी:
मी बरीच वर्षं हे काम केलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

इंग्रजीतही या कामाला 'स्टोरीटेलर' हा शब्द आधीपासून नव्हता. 1974 साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ आला, त्या मूळ नियमांत या माणसाला 'रेफरी' म्हटलंय. म्हणजे पंच. युद्धखेळांच्या पटावरून आलेली मंडळी ती, त्यांना निवाडा करणारा हवा होता. पुढे 'मास्टर' आला. 'स्टोरीटेलर' रूढ केला तो 1991 सालच्या 'व्हॅम्पायर : द मास्करेड'ने. त्यांना डावपेचांपेक्षा गोष्टीवर जोर द्यायचा होता, म्हणून नावच बदललं. तो खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा होता. तिथे एकजण खरोखर सांगतो : 'तुम्ही दार उघडलंत, आत अंधार आहे, कोपऱ्यातून श्वासाचा आवाज येतोय.' बाकीचे ऐकतात आणि आपण काय करतो ते बोलतात. 1993 साली त्याच खेळाची जिवंत, चालत्याबोलत्या माणसांची आवृत्ती निघाली आणि शब्द तसाच इकडे आला.

आणि इथेच घोटाळा झाला. जिवंत खेळात दार खरं असतं आणि अंधारही खरा असतो. श्वासाचा आवाज काढायला एक माणूस कोपऱ्यात बसवलेला असतो. सांगायचं काय मग? शब्दातलं सांगणं गळून गेलं, नाव मात्र राहिलं. मी एकदा पाच तासांत मोजून दहा-बारा वाक्यं बोललो असेन, त्यातली निम्मी 'पायरी आहे, सांभाळून'. तरी ती गोष्ट माझ्या हातून घडत होती. तीन आठवडे आधी मी कोणाला कोणतं गुपित द्यायचं ते ठरवलं होतं. दोन खेळाडूंना एकाच मृत्यूच्या दोन वेगळ्या हकिकती दिल्या होत्या आणि ते दोघे एकमेकांना कधी भेटतात याची वाट बघत होतो. ते भेटलेच नाहीत. तिसऱ्याच एका मुलीने दोघांशी बोलून खरा प्रकार ओळखला आणि कोणालाच सांगितला नाही. तिच्या त्या गप्प बसण्यावर पुढची दोन सत्रं उभी राहिली. ती गोष्ट मी सांगितली असं कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून ज्या शब्दात 'कथन', 'निवेदन', 'सांगणे' येतं तो चालणार नाही. निवेदकही नको, कथेकरीही नको.

शब्दवेडी:
कथेकरी किती गोड शब्द आहे पण.

जुना खेळगडी:
गोड आहे हो. पण कथेकरी म्हटलं की कथा त्याच्या तोंडी आली.

तळटीप:
'गोष्ट' मात्र सोडू नका. गोष्ट आली 'गोष्ठी'वरून, म्हणजे जमलेल्यांचं बोलणं. आणि गोष्ठी आली 'गोष्ठ'वरून, म्हणजे गाई एकत्र बांधायची जागा. आपला गोठा आणि आपली गोष्ट एकाच घरातले. ज्ञानेश्वरीत 'गोठी' म्हणजे बोलणं, वार्ता. तेव्हा मुळात गोष्ट म्हणजे एकाने सांगायची नव्हेच, चार जण जमले की होते ती. खेळगडी म्हणतात ते यात बसतं. 'कथे'ला मात्र कथणारा लागतो.

अर्धविराम:
व्युत्पत्ती छान आहे, पण आज 'गोष्ट' म्हटल्यावर कोणाला गोठा आठवतो? शब्द आज काय करतो ते बघायचं. आमच्या ओळखीतल्या एका गटात स्टोरीटेलरला सगळे नुसतं 'एसटी' म्हणतात. 'आज एसटी कोण आहे?', 'एसटीला विचार.' सहज बोलतात, काम होतं.

शब्दवेडी:
मराठी कानाला एसटी म्हणजे बस. 'एसटी रागावली' हे वाक्य मला कधीच सहज वाटणार नाही.

अर्धविराम:
कानाला सवय होते. 'लार्प' चालतो, तर 'स्टोरीटेलर' का नाही? ज्यांना यायचं आहे त्यांना तो कळतोच.

उंबरठा:
नाही कळत, हीच तर अडचण आहे. ज्यांना कळतो ते आधीच गटात आहेत. मला बाहेरची माणसं हवी आहेत. ज्यांच्याकडे निरीक्षण आहे, धीर आहे, पण ज्यांनी हा शब्द ऐकलेला नाही, अशी. आणि मला वाटतं अशी माणसं मराठीत पुष्कळ आहेत.

पाऊलखूण:
पहिल्यांदाच लिहितेय. 'खेळवणे' का नको? खेळणे-खेळवणे, जसं बसणे-बसवणे. गोष्ट खेळवणारी, गोष्ट खेळवणारा.

आमच्या घरी आजोबा 'पाणी खेळवणे' म्हणायचे. पाट काढायचे, कुठे बांध घालायचा, कुठे फोडायचा ते बघायचं आणि मग पाणी आपलं आपण जातं. हवा खेळती ठेवणे, खेळतं भांडवल, यातही तेच आहे. अडवायचं नाही आणि ढकलायचंही नाही. वरची त्या दोन हकिकतींची आठवण वाचली आणि मला हाच शब्द सुचला.

जुना खेळगडी:
पाऊलखूण, हा शब्द मला इतकी वर्षं सुचला नव्हता. पाट आधी काढून ठेवायचे, आणि पाणी भलतीकडे वळलं तर धावत जाऊन तिथला बांध बघायचा. अगदी हेच काम आहे.

अर्धविराम:
थांबा. मांजर उंदराला खेळवतं. पतपेढी कर्जदाराला खेळवते. 'मला खेळवू नका' असं माणूस चिडून म्हणतो. आणि बाळालाही खेळवतात. मोठ्या माणसांना सांगायचं, या, तुम्हाला खेळवतो?

पाऊलखूण:
म्हणून 'गोष्ट' खेळवायची म्हटलं, माणसं नाही. कर्म बदललं की अर्थ बदलतो.

शब्दवेडी:
एक लक्षात आलं का? सूत्रधार कटाचा झाला, डाव मांडणारा कपटी झाला, खेळवणारा फसवणारा झाला. दुसऱ्यांसाठी काहीतरी रचून ठेवणाऱ्या माणसाबद्दल आपल्या भाषेला फार संशय आहे. मला हे आज पहिल्यांदा दिसलं आणि जरा टोचलं.

तळटीप:
संशय पूर्वीपासून आहे. 'सोंग'च बघा. वेश घेणे हा साधा अर्थ, पण 'सोंग करू नको' म्हणजे खोटं वागू नको. त्या मानाने 'पात्र' सुदैवी. मूळचं भांडं, ज्यात काही ओतता येतं ते.

उंबरठा:
पात्रावरून सांगते. गेल्या सत्रात मी राणी होते आणि माझे सेवक होते एक साठीचे काका. खेळात त्यांना 'अरे, इकडे ये' म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. मी 'या ना जरा' म्हणत राहिले आणि राणी काही उभी राहिली नाही. शेवटी काकाच वेशीबाहेर येऊन म्हणाले, 'अगं, मला अरे म्हण, मी त्यासाठीच आलोय.'

पाऊलखूण:
'वेशीबाहेर' म्हणता का तुम्ही? पात्र सोडून बोलण्याला?

उंबरठा:
हो, आमच्याकडे ते आपोआप रूढ झालं. वेशीत आणि वेशीबाहेर. कोणी ठरवून केलं नाही. वेश आणि वेस यांची थोडी सरमिसळ आहे त्यात.

शब्दवेडी:
सरमिसळ कसली, चूक आहे ती! वेश वेगळा, वेस वेगळी. 'वेशीबाहेर' म्हणजे गावाच्या हद्दीबाहेर, कपड्यांशी संबंध नाही.

जुना खेळगडी:
चूक असेल तर फार सुंदर चूक आहे, राहू द्या. आणि अरे-तुरेचं मात्र खेळ सुरू व्हायच्या आधीच मोठ्याने बोलून घ्यावं लागतं. मी प्रत्येक वेळी सांगायचो, खेळातला एकेरी शब्द खेळातच राहील. तरी एकदा एका थोरल्या बाईंना लागलं. त्या खेळात हसल्या आणि घरी जाऊन दोन दिवस बेचैन राहिल्या. मला उशिरा कळलं. खेळ संपल्यावर सगळ्यांनी गोल बसून बोलायचं असतं, तो अर्धा तास मी त्या दिवशी उशीर झाला म्हणून गाळला होता. तो माझा दोष. इंग्रजीत हा प्रश्न इतका येत नाही, तिथे सगळ्यांना एकच सर्वनाम. आपल्याकडे गोष्ट सांभाळणाऱ्याला नात्यांचे मानही सांभाळावे लागतात.

अर्धविराम:
मूळ प्रश्नात 'स्वयंसेवक'ही होता, त्याबद्दल कोणीच बोललं नाही. तोही मला पटत नाही. स्वयंसेवक म्हटलं की खुर्च्या मांडणारा, रांग लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे तर आपणहून जबाबदारी घ्यायची आहे.

शब्दवेडी:
'विडा उचलणे' आहे की.

अर्धविराम:
विडा अवघड कामगिरीचा उचलतात. महिन्यातून एकदा पाच तासांसाठी विडा?

जुना खेळगडी:
पाच तास दिसतात तेवढेच. दोन सत्रांच्या मधे खेळाडू आपल्या पात्रांच्या वतीने पत्रं पाठवतात, मी गुपचूप अमक्याला भेटलो, मी तमक्याचा खजिना शोधला. चाळीस पत्रं, चाळीस उत्तरं, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी जुळलं पाहिजे. रात्री जागवल्या आहेत मी. विडा शब्द मला जड वाटत नाही.

तळटीप:
'पुढाकार' घ्या. साधा आहे.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. सूचना आज लावायलाच हवी, म्हणून असं लिहिलंय :

'गोष्ट खेळवणारे हवेत. पाठांतर नको, भाषण नको, माइक नाही. पात्रांची गुपितं रचायची, खेळ चालू असताना लक्ष ठेवायचं, कोणाला त्रास झाला तर खेळ थांबवायचा, मधल्या दिवसांत पत्रांना उत्तरं द्यायची. पहिली दोन सत्रं जुन्या माणसाच्या जोडीने. पुढाकार घ्यावासा वाटला तर कळवा.'

त्या कथा पाठ करून आलेल्या गृहस्थांनाही ही पाठवणार आहे, वेगळी चिठ्ठी लिहून.

तळटीप:
'हवेत' नको, 'हवे आहेत' लिहा. 'खेळवणारे हवेत' हे वाऱ्यात खेळवणारे असंही वाचलं जाईल.

शब्दवेडी:
आणि 'गोष्ट खेळवणे' मला अजूनही मान्य नाही. गोष्ट रंगते, रचतात, सांगतात. खेळवत नाहीत.

पाऊलखूण:
अजून खेळवत नाहीत.

अर्धविराम:
एक राहिलंच. तो लार्प, ती लार्प की ते लार्प? आमच्याकडे निम्मे 'लार्प झाला' म्हणतात आणि निम्मे 'लार्प झालं'.

जुना खेळगडी:
खेळ तो, म्हणून तो लार्प.

शब्दवेडी:
नाटक ते, म्हणून ते लार्प.