मदत हवी आहे : हेडलाइट लावली की मीटरचे काटे वर पळतात

राम राम मंडळी. गाडी दहा टायरी, २०१४ ची, साधं काट्यांचं मीटर. लासलगावहून कांदा भरून वाशीला फेऱ्या असतात, म्हणजे कसारा घाट रात्रीच उतरायचा. दिवसा मीटर एकदम नीट, पण अंधार पडून हेडलाइट लावली की टेम्परेचरचा काटा सरकत सरकत लाल पट्ट्याला टेकतो, डिझेलचा पण जागा सोडतो, आणि इंडिकेटर दिला तर दोन्ही काटे त्याच्या टिकटिकीवर नाचतात. उतारावर इंजिन तापायला काही कारणच नाही, तरी पहिल्या दिवशी घाबरून बाजूला घेतली, पाणी पूर्ण, रेडिएटर ठीक.

आतापर्यंत टेम्परेचरचा सेन्सर बदलला, फ्यूज बदलले. एका वायरमनने अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट) मल्टीमीटरने चेक केला, जोड असल्याचा बीप वाजला, अर्थ ओके म्हणाला. दुसरा म्हणतो अख्खं मीटरच बदला. बदलू का?

प्रतिसाद : भाऊ, मीटर बदलू नका, पैसे पाण्यात जातील. दोन काटे एकदम बिघडत नाहीत, दोघांचं सामाईक काय ते बघा, आणि ते म्हणजे अर्थ. बीपवर अजिबात जाऊ नका, वायरची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, पण हेडलाइटचा करंट त्या एका तारेतून कसा जाणार. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, हेडलाइट चालू ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन मीटरमागच्या अर्थ वायरला, कपलर (वायरींचा जोड) न काढता. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थमध्ये लोचा. मग लाल पिन नुसती केबिनच्या पत्र्याला लावून बघा. केबिन रबरावर बसलेली असते, तिचा अर्थ चेसीला (खालच्या सांगाड्याला) एका जाळीच्या पट्टीने येतो, ती पट्टी कोणी बघतच नाही.

धागाकर्ता : दादा, मीटरमागे १.६ आलं, आणि केबिनच्या पत्र्यालाही १.५! केबिन टिल्ट करून बघितलं तर पट्टी वेणीसारखी, तिच्या निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, बोल्टखाली हिरवं साचलेलं, वर कुणीतरी चेसीला रंग मारताना वॉशरसकट रंगवून टाकलेलं. नवी पट्टी टाकली, बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकेपर्यंत साफ केला. आता ०.०५. काल रात्री घाट उतरलो, काटा जागचा हलला नाही. सेन्सरचे पैसे मात्र गेले.

प्रतिसाद : मस्त. बोल्टावर ग्रीस लावा, पावसाळा काढेल. आणि एक विचारू, गाडी २४ व्होल्टची, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या, मग गाण्याच्या १२ व्होल्टच्या टेपला करंट कुठून घेतलाय? दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजून बघा.

धागाकर्ता : एक १२.६, दुसरी ११.९. टेप एकट्या ११.९ वालीवर आहे हो. आधीच्या मालकाने जोडलेला, मी वर मोबाइलचा चार्जर पण त्यालाच लावला.

प्रतिसाद : तीच बॅटरी आधी मरेल, आणि सोबत दुसरीलाही घेऊन जाईल. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, टेप आणि चार्जर दोन्ही त्यावर टाका.