एकाच रुमालावर सातजणांनी ऑनलाइन काम करायचं, तर जागा पारखायची कशी?

मोडीवाचक_नारायणपेठ
नमस्कार मंडळी. मी इतिहास शिकवते. आम्ही सातजण मिळून एका घराण्याच्या रुमालातल्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातल्या, मोडी कागदांचं देवनागरी लिप्यंतर करतो. कुणी कोथरूडला, कुणी सिंहगड रोडला, एकजण नोकरीनिमित्त नाशिकला. सर्वांत ज्येष्ठ काका पंच्याहत्तरी ओलांडलेले, सर्वांत लहान एमएची विद्यार्थिनी. आजवर फोटो व्हॉट्सॲपवर आणि मजकूर वर्डमध्ये असं चाललं. आता सगळ्यांनी एकाच ऑनलाइन जागेत यायचं ठरलंय.

दोन पर्यायांची प्रात्यक्षिकं पाहिली. दोन्ही छान वाटली, पण तिथे एकच माणूस सुवाच्य अक्षरातला एकच कागद उघडून दाखवतो. आमच्या कागदांत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, कोपरा कसरीने खाल्लेला असतो आणि एकेका ओळीची तिघांची तीन वाचनं असतात. ही जागा आमच्या सोयीची आहे का, हे ठरवायचं कसं? विचारलं की सगळे "बरंय की" म्हणतात. काका तर मला वाईट वाटू नये म्हणूनही म्हणतील! रुमाल मोठा आहे, काम एकदा तिकडे नेलं की परत आणणं जड जाईल.

यूएक्स_बाणेर
ताई, मत विचारू नका, काम द्या. काकांना त्यांच्याच रुमालातला एक कागद द्या आणि सांगा: तिसऱ्या ओळीतलं नाव वाचून लिहा, शंका असेल तिथे खूण करा, आणि कालचं वाचन कुणी बदललं ते शोधा. काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलू द्या. तुम्ही शेजारी गप्प बसा. बटण कुठे आहे ते सांगावंसं फार वाटेल, तेवढं आवरा. ते "आता हे कुठं गेलं?" म्हणतील ती जागा टिपून ठेवा.

त्यानंतर सिस्टिम युझेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं ते मोजायची मोजपट्टी, भरून घ्या. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही १० विधानांची प्रश्नावली आहे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळ्याची बेरीज गुणिले २.५. येणारा आकडा १०० पैकी असतो, पण ती टक्केवारी नव्हे. सरासरी ६८ च्या आसपास धरतात. सम क्रमांकाची विधानं नकारार्थी आहेत, म्हणून काकांना एकेक वाचून दाखवा. आणि सातच माणसं आहेत, तेव्हा दोन-चार गुणांच्या फरकावर काही ठरवू नका.

हे झालं एकेकट्याचं. पाचजणांवर चाचणी घेतली की बहुतेक अडचणी सापडतात हा वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचा हिशेब पुष्कळांना पाठ असतो, पण तो एकेकट्याने वापरायच्या गोष्टींवरून मांडलेला आहे. तुमची खरी परीक्षा दोघंजण एकाच ओळीवर आले की सुरू होते. म्हणून दोघांना आपापल्या घरून एकाच वेळी तोच कागद उघडायला लावा. दुसरा तिथे आहे हे पहिल्याला दिसतं का? दोघांनी एकदम दुरुस्ती केली तर कुणाची राहते? मध्येच नेट गेलं तर लिहिलेलं उरतं का?

निवृत्त_ग्रंथपाल
शेवटच्या मुद्द्याला माझा जोरदार दुजोरा. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं. तिथे वर स्वीकारलेला पाठ आणि खाली पाठभेद, कोणत्या पोथीत काय आहे त्यासह. नाकारलेला पाठही वाचकासमोर राहतो. तुमच्या तीन वाचनांनाही हाच न्याय हवा. नवं वाचन जुन्यावर चढून ते पुसून टाकत असेल, तर ती जागा ९० गुण मिळवूनही तुमच्या उपयोगाची नाही. आणखी एक, चाचणी प्रत्येकाच्या नेहमीच्या यंत्रावर आणि कीबोर्डवर घ्या. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर हात बसलेल्याला दुसरी मांडणी दिली की तो संथ होतो आणि दोष जागेवर जातो.

मोडीवाचक_नारायणपेठ
दोघांचेही मनापासून आभार. पाठभेदांचं उदाहरण काकांना लगेच पटेल. एक विचारायचं राहिलं: एका पर्यायात प्रत्येक पानाला रुमाल क्रमांक, सुहूर सन (जुन्या कागदांतली कालगणना), इसवी तारीख, गावं, व्यक्ती अशा बऱ्याच चौकटी भराव्याच लागतात. पुढे शोधायला ते सोन्यासारखं आहे, पण भरणार कोण? सगळं त्या विद्यार्थिनीवर पडेल असं दिसतंय.

यूएक्स_बाणेर
हे नक्की तपासा. संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच दाखवलं होतं की गटाने वापरायची सॉफ्टवेअरं बरेचदा इथेच फसतात: जादा काम एकाच्या वाट्याला, फायदा दुसऱ्याच्या. तिचा वेळ वेगळा मोजा. लिप्यंतराला किती, चौकटींना किती. चौकटींचा वेळ जास्त निघाला तर आधी तारीख आणि रुमाल क्रमांक एवढंच सक्तीचं ठेवता येतं का विचारा, बाकीचं ज्याला हवं त्याने नंतर भरावं. शिवाय त्या जागेतून एक पान बाहेर काढून (एक्स्पोर्ट करून) बघा. शंकेच्या खुणा आणि वाचणाऱ्याचं नाव बरोबर येतं का? नुसता मजकूर येत असेल तर पुढे माघार घेता येणार नाही.

मोडीवाचक_नारायणपेठ
पटलं. या शनिवारी काका आणि ती, आपापल्या घरून, दोन्ही पर्यायांवर. कागद मीच निवडते, सगळ्यात गिचमिड असेल तोच.