मदत हवी आहे: टोकियो ते लॉस एंजेलिस, उड्डाणाचे खरे तास किती?

नमस्कार. जानेवारीत आईला घेऊन टोकियोच्या हानेदा विमानतळावरून लॉस एंजेलिसला जायचे आहे. तिला दर बारा तासांनी, सकाळी आणि रात्री ८ वाजता, गोळी घ्यावी लागते, म्हणून प्रवासाचे तास नेमके मोजणे भाग आहे. पण तिकिटावर संध्याकाळी ५ वाजता निघून त्याच तारखेला सकाळी १० वाजता पोहोचणार असे छापले आहे, म्हणजे निघण्याच्या सात तास आधीच! दोन्ही विमानतळ ३४ ते ३६ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात असल्यामुळे मी नकाशावर सरळ पूर्वेकडे रेघ धरून हिशेब केला, तर सुमारे ९,३०० किलोमीटर आले; एका संकेतस्थळावर मात्र ८,८०० दिसतात. परतीला तर दोन तास जास्त लागणार आहेत. माझे चुकते कुठे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:
तुमची रेघ कागदावर सरळ असली, तरी गोलावर ती लांबचा वळसा घेते. पृथ्वीगोल हाताशी असेल, तर दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोके धरून तो ताणून पाहा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि मध्यावर जवळजवळ ४८ अंशांपर्यंत चढतो. ८,८०० किलोमीटर ही त्या दोऱ्याची लांबी आहे. विमान मात्र तंतोतंत त्याच रेषेवरून जाईल असे नाही, कारण मार्ग त्या दिवशीचे वारे पाहून आखला जातो.

परतीचे दोन तासही वाऱ्याचेच. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि हिवाळ्यात जपानजवळ तो फार जोरात असतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून येतो.

राहिले घड्याळ. जानेवारीत टोकियो लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असते आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. ५ वाजल्यानंतर १० तासांनी टोकियोत पहाटेचे ३ वाजतात. त्यातून १७ तास वजा केले की त्याच तारखेचे सकाळचे १०. या १० तासांत धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष हवेतला वेळ थोडा कमी भरतो.

गोळीसाठी एक घड्याळ टोकियोच्याच वेळेवर ठेवा. रात्रीची गोळी उड्डाणानंतर तीन तासांनी येईल आणि पुढची तिथल्या दुपारी ३ वाजता. त्यापुढची तिथल्या पहाटे ३ ला येते, तेव्हा वेळ कशी सरकवायची हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा.

मूळ प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. परतीचे विमान सकाळी ११ चे असून दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता पोहोचते; २९ तासांतून १७ वजा केले की १२ उरतात, हे आता जुळले. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आणि गोळ्या सामानात न देता हातातल्या पिशवीतच ठेवणार आहे.